न विचारता चालायची वाट

चढ लागला की बाकीची माणसं मंदावतात. डर्वला रुएन रागात असली की चढावर तिच्या सायकलीला उलट जोर यायचा. त्या शनिवारी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, वेस्टपोर्टपासून आजोबांच्या घरापर्यंत सगळा रस्ताच चढाचा असता तर बरं झालं असतं, असं मागून धापा टाकत येणाऱ्या रोननला मुळीच वाटत नव्हतं.

"अगं, आपण सहलीला आलोय!" तो ओरडला. "घर पेटलंय का तुझं?"

डर्वला थांबली नाही.

घर पेटलं नव्हतं, पण फोन आला होता. बसच्या पोटातून दोघं आपापल्या सायकली ओढून काढत होते, तेवढ्यात तिच्या बाबांचा. बाबा लीड्सला बांधकामावर होते, कैक वर्षं.

"आजोबांचं घर उघडलंस की खिडक्या उघड्या टाक, ओल धरली असेल," ते म्हणाले. "आणि हे बघ, उद्या डोंगरावर जाण्याआधी कोलमन बॅरेटला एक फोन करून विचार. गावातून कळलं, त्याने फाटकाला साखळी घातलीये."

"विचारू?"

"विचार म्हणजे विचार. जीभ झिजत नाही विचारल्याने."

"पण विचारलं की वाट जाते," डर्वला म्हणाली. "बाबा, तुम्ही रुएन आहात ना? की इंग्लंडात उतरवून ठेवलंत नाव?"

पलीकडे बाबांनी सुस्कारा सोडला. तो सुस्कारा तिच्या कानात तेव्हापासून फिरत होता आणि पायडलवर उतरत होता.

रोनन तिच्याबरोबर गॉलवेच्या कॉलेजात होता. डब्लिनचा पोरगा. आठवडाभर वर्गात डोकं घालून झालं होतं, परीक्षा तोंडावर होती, आणि शनिवार-रविवार सायकल आणि डोंगर म्हटल्यावर तो लगेच तयार झाला होता. मुलगा लाखात एक, पण भिडस्त. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू सगळेच म्हणतात, या देशात ती रीतच आहे. रोनन बसलाही म्हणाला असता.

"मला एकदा नीट सांगशील का," घराच्या दाराशी सायकल टेकवत तो म्हणाला, "त्या वाटेचं काय आहे ते?"

तर वाटेचं असं होतं. फेस्टस रुएन, म्हणजे डर्वलाचे आजोबा, यांच्या घरामागून एक पायवाट नॉकबॉन डोंगराच्या खिंडीत चढायची आणि पलीकडे समुद्राच्या कडेला किलब्राइडच्या दफनभूमीत उतरायची. मधला सगळा उतार कोलमन बॅरेटचा. आता तळ्याला वळसा घालून डांबरी रस्ता झाला होता, गाडी थेट दफनभूमीच्या दाराशी जाई. पण रुएन घरातलं एकही माणूस अजून त्या रस्त्याने गेलं नव्हतं. सगळे डोंगरावरून गेले, माणसांच्या खांद्यावर. शेवटची आजी. तेव्हा डर्वला शाळेत होती. त्या दिवशी पाऊस आडवा येत होता, आणि शवपेटीच्या डाव्या हाताला, पुढच्या बाजूला, खांदा होता कोलमन बॅरेटचा.

"ज्या वाटेने मढं गेलं, ती वाट मोकळी राहते," आजोबा सांगायचे. "पण फुकट नाही राहत. वर्षातून एकदा घरातलं जिवंत माणूस तिच्यावरून चाललं पाहिजे." म्हणून ते ईस्टरनंतरच्या रविवारी थडग्यांवरचं शेवाळं काढायला जात आणि छोट्या डर्वलाला बरोबर नेत. फाटकाशेजारच्या दगडी भिंतीत पणजोबांनी बसवलेले लांब दगड होते, भिंतीतून बाहेर आलेले, पायऱ्यांसारखे. माणसांनी भिंत ओलांडायची ती त्यांच्यावरून. फाटक मेंढ्यांसाठी. त्या दगडांवर तिला बसवून आजोबांनी तीन बोटं धरून शिकवलं होतं:

"मोडायचं नाही. लपायचं नाही. विचारायचं नाही."

"पण आजोबा, बाई तर म्हणतात, नेहमी विचारावं."

"बरोबर म्हणतात बाई. आता सांग, आपल्या स्वैपाकघरात जाताना तू आजीला विचारतेस का, आत येऊ का म्हणून?"

"नाही."

"आणि कोलमनच्या घरात जाताना?"

"विचारते."

"का?"

"ते त्यांचं घर आहे."

"झालं तर. जिथे आपण विचारलं, ते दुसऱ्याचं झालं. वाटेत कोणी भेटलं तर तोंड फिरवायचं नाही. पावसापाण्याचं बोलायचं आणि पुढे जायचं. आभारसुद्धा मानायचे नाहीत. आभार म्हणजे मागून मागितलेली परवानगी."

नाताळात आजोबा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता ते कॅसलबारच्या वृद्धाश्रमात खिडकीशी पडून होते. मागच्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं होतं, "या रविवारी कोण जाणार?"

"मी."

"बरं." मग भिंतीकडे वळून म्हणाले, "मला त्या डांबरी रस्त्याने नेऊ नका गं पोरी. वळणं फार आहेत. पोटात ढवळतं माझ्या."

ती हसली होती. परतताना मात्र बसमध्ये तिला रडू आलं होतं.

"म्हणजे," रोनन सगळं ऐकून म्हणाला, "उद्या तू नाही चाललीस तर आजोबांना त्या वाटेने नेता येणार नाही."

"हो."

"आणि तू विचारलंस तरीही नाही."

"आता कसं कळलं तुला!"

*

रविवारी सकाळी दलदलीतल्या कच्च्या रस्त्याने ते जमेल तितके सायकलवर गेले. दोन्ही बाजूंना जळणासाठी माती कापलेले काळे चर होते, त्यांच्यात पाणी साचलेलं. पुढे रस्ताच संपला. पिवळ्या फुलांनी भरलेल्या काटेरी झुडपांत सायकली टाकून ते पायी निघाले. वर कुठे तरी कोकीळ ओरडत होता. रोनन दर वळणावर "वा!" म्हणत होता. डर्वला त्याला उत्तर देत नव्हती, कारण तिला भिंत दिसली होती.

फाटकाला साखळी होती, नवी कोरी. तिच्यावर मुठीएवढं कुलूप. फाटकाच्या मधल्या गजाला एक फळी बांधली होती आणि तिच्यावर लाल रंगाने लिहिलं होतं: वळू आहे. सावध.

रोनन जागच्या जागी थांबला.

"चल," डर्वला म्हणाली.

"वळू आहे, लिहिलंय."

"इकडे फळ्या जास्त आणि वळू कमी. बाहेरच्यांना घाबरवायला लावतात. कोलमनकडे मेंढ्या आहेत, रोनन. मेंढ्यांमध्ये वळू कशाला, शाळा घ्यायला?"

हे ती हसून म्हणाली, पण पुढे दोन पावलं टाकली आणि हसू गेलं. भिंतीतल्या पायऱ्या जागेवर होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना नवे खांब ठोकले होते आणि त्या खांबांमध्ये, पणजोबांच्या दगडांवरून, काटेरी तार ताणलेली होती. एकावर एक पदर, अगदी ताठ.

साखळीचं तिला फारसं काही वाटलं नसतं. मेंढ्या व्यायचे दिवस, फाटक बंदच असतं. पण मेंढ्या काही पायऱ्या चढत नाहीत. ही तार माणसांसाठी होती. आणि या डोंगरावर त्या पायऱ्या कोण चढतं, हे ती ठोकणाऱ्याला चांगलं माहीत होतं.

तिची कानशिलं तापली. खाली वाकून तिने एक दगड उचलला, हाताच्या पंज्यात मावेल न मावेल एवढा, आणि कुलपावर उगारला.

"डर्वला!"

हात वरच राहिला. मोडायचं नाही. ती तशीच उभी राहिली, दात आवळून, आणि मग हात खाली आला. दगड मात्र तिने सोडला नाही.

"ऐक," रोनन घाईने म्हणाला. "खाली तो ओढा आहे ना, त्याच्या काठाने गेलो तर घराकडून दिसणारही नाही. गुपचूप पलीकडे निघू."

"मी चोर आहे?"

"तसं नाही गं."

"माझ्या आजीच्या थडग्याकडे मी ओढ्यातून रांगत जाऊ? मेंढी पळवायला आलेल्या कोल्ह्यासारखी?" आणि ती भिंतीवर एक पाय देऊन उभी राहिली, खाली उतारावरच्या एकुलत्या पांढऱ्या घराकडे तोंड केलं, आणि सगळा डोंगर ऐकेल अशी हाक दिली. "कोलमन! कोलमन बॅरेट!"

कुत्रं भुंकलं. थोड्या वेळाने चारचाकी बाईकची फटफट ऐकू आली.

कोलमन सत्तरीचा होता. काटक, डोक्याला टोपी, कोटाची गुंडी तुटलेली म्हणून गवताच्या भाऱ्याची निळी दोरी कमरेला. फाटकाच्या आत त्याने बाईक थांबवली, पण खाली उतरला नाही.

"दिवस बरा आहे," तो म्हणाला.

"दिवसाला लागो आग. ही तार कुणी ठोकली?"

"वारा फार होता हिवाळ्यात. वाऱ्याने ठोकली असेल."

"आणि वळू कुठाय?"

"आहे."

"कुठे?"

"लाजाळू आहे तो."

रोननला हसू फुटलं. डर्वलाने नुसतं वळून पाहिलं, तसं ते विझलं.

"कोलमन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता खाली आला होता, तो ओरडण्यापेक्षा वाईट होता, "तुमच्या खांद्यावर माझी आजी होती. डाव्या हाताला, पुढे. मी मागे चालत होते. तुमच्या मानेवरून पाणी ओघळत होतं ते मला अजून दिसतंय."

कोलमनने टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली.

"तो खांदा अजून धरतो थंडीत," तो म्हणाला. "तुझी आजी काही हलकी बाई नव्हती."

"थट्टा करू नका माझ्याशी!"

"मग काय करू?" आता तो उतरला. "ऐकायचंय? ऐक. झाडं लावणारे लोक आले होते शहरातून. सगळा डोंगर घेतायत, खालपासून खिंडीपर्यंत. सूचिपर्णी झाडं लावणार. पण त्यांना मोकळी जमीन पाहिजे, वाट असलेली नको. वर्षभर कोणी चाललं नाही, तर वाट नाही असं धरू म्हणाले. पर्थहून माझा पोरगा रोज फोन करतो, बाबा, देऊन टाका, सुटा त्यातून. फेस्टस आता उठायचा नाही. तुझा बाप यायचा नाही. मला वाटलं, वाट आपली आपण मरेल. मारावी लागणार नाही."

"मग हे आजोबांना जाऊन सांगायचं होतंत! कॅसलबार काय ऑस्ट्रेलियात आहे? खिडकीशी पडून दाराकडे बघत असतात ते, कोणी येतंय का म्हणून. त्यांच्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं, म्हणून वळू पुढे केलात? तोही खोटा?"

हे लागलं. कोलमनच्या तोंडावरचा रंग उतरला आणि मग दुप्पट चढला.

"तोंड? तू मला तोंडाचं सांगतेस? अंधार पडल्यावर बघ कधी, या डोंगरावर किती दिवे लागतात. एक! माझा! तुमच्या घराला कुलूप, गिबन्सांच्या घराला कुलूप, शाळेला कुलूप. माझं एक कुलूप तेवढं डोळ्यांत आलं तुझ्या! मागच्या थंडीत मी ओढ्यात पडलो, या कुत्र्याशिवाय कळायला कोणी नव्हतं. वर्षातला एक रविवार येणार, माझ्या उतारावरून मिरवत जाणार, आणि बाकीचं वर्ष हा डोंगर सांभाळायचा कुणी? फेस्टसच्या वाटेवर पडलेले दगड उचलून भिंतीत परत लावतो कोण? मी! तू नाही. तुझा बाप नाही."

तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच डर्वलाचा राग आवरेनासा झाला. खोट्या माणसाला निदान खोटं तरी म्हणता येतं. ती नुसती दगड आवळून उभी राहिली, इतका की बोटं पांढरी पडली.

रोननला हे सोसेना. त्याच्या घरी असं कधी कोणी ओरडत नसे. आवाज चढले की त्याची आई चहा करी आणि वडील कोणाची तरी माफी मागत. तो एक पाऊल पुढे आला, डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आणि ज्या गोड, स्वच्छ आवाजात तो ग्रंथालयात पुस्तक मागायचा त्याच आवाजात म्हणाला:

"मिस्टर बॅरेट, आम्ही फक्त पलीकडे जाऊन परत येऊ. मेंढ्यांना त्रास देणार नाही. तुमची हरकत नसेल, तर आम्हाला जाऊ द्याल का, प्लीज?"

वारा होता तो जणू थांबला. डर्वलाने डोळे मिटले.

कोलमन रोननकडे बघत राहिला. आधी त्याला खरं वाटलं नसावं. मग त्याने सावकाश खिशात हात घातला आणि किल्ली काढली.

"जाऊ देईन की," तो म्हणाला. "इतकं गोड विचारल्यावर नाही कोण म्हणेल? बघ, डब्लिनकर असून पोराला वळण आहे." कुलूप निघालं, साखळी खळखळत खाली पडली. त्याने फाटक पार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला. "या. दोघंही या. कोलमन बॅरेटच्या परवानगीने या."

"थँक्यू," रोनन म्हणाला, आणि आनंदाने डर्वलाकडे वळला. "बघ! उघडलं!"

"बंद केलंस, गाढवा!" डर्वला किंचाळली. "साखळीने झालं नाही ते तुझ्या प्लीजने केलं!"

"पण..."

"काल सांगितलं होतं ना तुला? दाराशी उभं राहून सांगितलं होतं!"

रोननच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, आणि तो मेल्याहून मेला झाला. उघडं फाटक तिच्यासमोर होतं. चार पावलं टाकली की पलीकडे. आणि ती चार पावलं टाकली की वाट कोलमनची. तो देईल तेव्हा मिळणारी. आजोबांना न्यायची वेळ आली की खांदा देणारे सहा जण पेटी खाली ठेवून टोप्या काढून उभे राहणार, आणि कोणी तरी म्हणणार, कोलमन, जाऊ देता का?

तिने पाठीवरची पिशवी भिंतीपलीकडे फेकली. मग अंगातलं लाल जॅकेट काढलं, त्याची घडी केली आणि वरच्या तारेवर टाकलं.

"काय करतेस?" कोलमन म्हणाला.

"या मुलाला परवानगी मिळालीये," डर्वला म्हणाली. "त्याने त्याच्यापुरती मागितली. तो रुएन नाही. जा रे, फाटकातून जा. पाहुणा आहेस तू." आणि तिने पणजोबांच्या पहिल्या दगडावर पाय ठेवला.

"अगं वेडे, फाटक उघडं आहे समोर!"

"मला फाटक दिसत नाही."

"तुझ्या नाकासमोर आहे!"

"मला पायऱ्या दिसतायत. आमच्या."

"पाय कापून घेशील!"

"पाय माझा आहे, कोलमन. त्याला कुलूप नाही लावता येणार तुम्हाला."

ती चढली. एका हातात अजून तो दगड होता, म्हणून तोल जाता जाता राहिला. जॅकेटमधून काटे वर आलेच. विजार गुडघ्याखाली टरकली आणि पोटरीवर एक लांब लाल रेघ उमटली. कोलमन अर्धा पुढे धावला, हात द्यायला असावा, आणि मध्येच थांबला. तिने तार मोडली नाही, वाकवलीसुद्धा नाही. पलीकडे उडी मारली, धडपडली, उठली, पिशवी उचलली. जॅकेट तिथेच राहू दिलं, परत येताना लागणार होतं.

रोनन मात्र फाटकातून आला. मान खाली घालून, आमंत्रण नसलेल्या लग्नात शिरावं तसा. आणि कोलमनच्या समोरून जाताना, सवयीने, पुन्हा थँक्यू म्हणाला.

*

दोघं खिंडीपर्यंत चढून गेले. वाटेच्या कडेला एका सपाट जागी लहान लहान दगडांचा ढीग होता. पेटी उतरवून माणसं खांदा बदलायची ती ही जागा. प्रत्येक वेळी जो तो एक दगड ठेवायचा. डर्वलाने मूठ उघडली. कुलूप फोडायला उचललेला दगड घामाने ओला झाला होता. तिने तो ढिगावर ठेवला.

रोनन मागे उभा होता. त्यानेही एक दगड शोधला होता, पण हात पुढे होत नव्हता.

"मी..." तो म्हणाला.

"ठेव," ती म्हणाली. "दगड ठेवायला नाही लागत परवानगी."

किलब्राइडला समुद्रावरून खारं वारं येत होतं. त्यांनी आजीच्या दगडावरचं शेवाळं खरवडलं, सोड्याचा पाव आणि हॅम खाल्लं, थर्मासातला चहा प्यायला. रोननने न सांगता शेजारच्या दोन थडग्यांचंही शेवाळं काढलं. मग डर्वलाने वृद्धाश्रमात फोन लावला. नर्सने तो आजोबांच्या कानाशी धरला.

"चाललीस?"

"चालले, आजोबा. आजीपाशीच आहे."

"मोडलं नाहीस काही?"

"विजार फाटली तेवढी."

"लपलीस?"

"ओरडून बोलावलं त्यांना."

"शाब्बास. विचारलं नाहीस ना?"

डर्वला थांबली. "मी नाही. रोननने विचारलं."

"हा रोनन कोण?"

"माझ्याबरोबर आलाय. डब्लिनचा आहे."

पलीकडे खोकला आला की हसू, कळलं नाही. तिने मग सगळं सांगितलं. तार, वळू, झाडंवाले, उघडलेलं फाटक.

"हं," ते शेवटी म्हणाले. "तू काय केलंस ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक. पण उद्या ते लोक विचारणार कोलमनला. फाटक उघडून दिलं होतं, मागून घेतलं होतं, असं तो म्हणाला की संपलं. तू तर घरचीच, तुझा शब्द कोण धरतो? आता सगळं त्याच्या जिभेवर आहे."

"मग संपलंच म्हणा. मरेना का तो!"

"असं म्हणू नये." आवाज अशक्त होता, पण तोच, दगडावर बसवून शिकवणारा. "पेटीला सहा माणसं लागतात, पोरी. मोजून बघ, किती उरलीत डोंगरावर. तब्येत कशी आहे त्याची?"

समोरचा समुद्र तिला नुसता ओला आणि धूसर दिसत होता.

*

परत आले तेव्हा फाटक बंद होतं. साखळी जागेवर, कुलूप जागेवर, फळी जागेवर. तारही तशीच होती आणि तिच्यावर डर्वलाचं लाल जॅकेट. ते कोणी काढून फेकलं नव्हतं. कोलमन भिंतीला पाठ लावून बसला होता, कुत्रं त्याच्या बुटांवर डोकं टेकून.

"बुधवारी येतायत ते झाडंवाले," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "विचारतील, कोणी चाललं का या वर्षी."

"मग सांगा ना," डर्वला म्हणाली. तिचा राग वाटेत कुठे सांडला नव्हता, सगळाच्या सगळा बरोबर आला होता. "फाटक उघडून दिलं म्हणून सांगा. प्लीज म्हणाले, थँक्यू म्हणाले, दोन-दोनदा. खोटं तरी कुठे आहे त्यात?"

"मला काय सांगायचं ते तू नको शिकवूस!" कोलमन उठला. गुडघा धरून, भिंतीचा आधार घेत उठला, पण डोळ्यांत जाळ होता. "फाटक मी त्या पोरासाठी उघडलं. तू तारेवरून गेलीस. माझ्या डोळ्यांदेखत, भर दिवसा, मला वाटेल ते बोलत. रुएनांची पोर आली, तिने विचारलं नाही, आणि गेली. हे घडलं. हेच मी सांगणार. बॅरेटांनी आजवर या डोंगराबद्दल खोटं सांगितलेलं नाही."

डर्वलाची नजर फाटकाकडे गेली. त्याची तिच्या नजरेमागून गेली.

"ती फळी वेगळी," तो गुरगुरला.

कुत्र्याने जांभई दिली.

"झाडंवाले जातील आल्या पावली," कोलमन म्हणाला. "पोरगा तिकडून शिव्या घालेल. आणि पुढच्या थंडीत मी असाच असेन, इथेच, याच चिखलात. तुझ्यामुळे. हे लक्षात ठेव. मला राग आहे तुझा, आणि तो जायचा नाही."

"माझाही नाही जायचा."

"बरं झालं."

बसमधून उतरताना ती ड्रायव्हरला रोज म्हणायची तो साधा शब्द. तो तिच्या ओठांपर्यंत आला. कोलमन तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला भीतीसारखं काही तरी दिसलं, जणू तोही मनात म्हणत होता, नको, पोरी, तेवढा शब्द नको.

डर्वलाने तो शब्द गिळला. वर खिंडीकडे पाहिलं, ढग खाली उतरत होते.

"वारा वाढलाय," ती म्हणाली.

कोलमनने टोपी मागे सारून आभाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वाढलाय," तो म्हणाला.

ती पायऱ्या चढली, जॅकेटवरून पाय टाकला आणि पलीकडे उतरली. भिंतीच्या आत कोलमनपाशी आता रोनन एकटा राहिला होता. त्याने कुलपाकडे पाहिलं, कोलमनच्या खिशाकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडलं. पलीकडून डर्वलाने श्वास रोखला.

रोननने तोंड मिटलं. मग घसा खाकरून म्हणाला, "हो, वाढलाय खरा," आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.